फ्लाइंग बरिटो ब्रदर्स : शवपेटीची गोष्ट जरा बाजूला ठेवून

रिकामा_रूळ (धागाकर्ता)

ग्रॅम पार्सन्स या अमेरिकन गायकाचं नाव निघालं की लोक गोष्ट शेवटाकडून सांगायला लागतात. जोशुआ ट्रीचं मोटेल, आठ नंबरची खोली, १९ सप्टेंबर १९७३, वय वर्षं २६. मग लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून मित्राने पळवलेली शवपेटी आणि वाळवंटात नेऊन दिलेला अग्नी. एवढं सगळं रंगवून झालं की संगीताच्या वाट्याला एकच वाक्य उरतं, 'कंट्री-रॉक यानेच सुरू केलं'. (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचं गावाकडचं संगीत, त्यात रॉक मिसळलं की कंट्री-रॉक.) मला त्या शवपेटीचा मनापासून कंटाळा आलाय. पार्सन्स ज्या बँडमध्ये जेमतेम दीड वर्षं टिकला, त्या फ्लाइंग बरिटो ब्रदर्सबद्दल हा धागा. आणि आधीच सांगून टाकतो, त्या बँडची पहिली रेकॉर्ड माझ्या मते दोघांची आहे. दुसऱ्याचं नाव घ्यायचं राहून जातं, एवढंच.

दुसरा म्हणजे क्रिस हिलमन. बर्ड्‌समध्ये (लॉस एंजेलिसचा गाजलेला रॉक बँड) बास वाजवायचा म्हणून सगळे त्याला बासवालाच समजतात. मुळात हा गडी मॅंडोलिनचा. सॅन दिएगोच्या बाजूला वाढला, शाळकरी वयात ब्लूग्रासच्या (बँजो-मॅंडोलिनवरच्या वेगवान कंट्रीच्या) नादाला लागला, आणि १९६४ मध्ये बर्ड्‌समध्ये शिरला तेव्हा बास गिटार त्याने धड हातातही धरली नव्हती. १९६७ सालची बर्ड्‌सची 'यंगर दॅन यस्टरडे' ही रेकॉर्ड ऐका. तिच्यावर हिलमनच्या गाण्यांमध्ये क्लॅरेन्स व्हाइटची गिटार चक्क कंट्री वाजतेय, आणि तेव्हा पार्सन्सचा बर्ड्‌सशी काडीचाही संबंध नव्हता. त्यामुळे 'पार्सन्सने बर्ड्‌सला कंट्रीची दीक्षा दिली' हे ऐकलं की मला हसू येतं.

पार्सन्स अगदी वेगळ्या घरातला. जन्म फ्लोरिडाचा, बालपण जॉर्जियातल्या वेक्रॉस गावात, आजोळी संत्र्या-मोसंब्यांच्या बागांचा अफाट पैसा. हार्वर्डमध्ये एक सत्र काढलं आणि सोडून दिलं. तिथे असतानाच जमवलेल्या इंटरनॅशनल सबमरीन बँडची 'सेफ अ‍ॅट होम' ही रेकॉर्ड १९६८ मध्ये दुकानात पोचली, तोवर बँड मोडला होता आणि हे महाशय बर्ड्‌समध्ये दाखल झाले होते.

तिथून पुढचे सहा महिने म्हणजे नुसता गोंधळ. मार्च १९६८ मध्ये बर्ड्‌स नॅशव्हिलला 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'च्या ध्वनिमुद्रणाला गेले. रेकॉर्ड कंपनीने वशिला लावून त्यांना ग्रँड ओल ऑप्रीवर उभं केलं. १९२५ पासून चालत आलेला हा रेडिओ कार्यक्रम म्हणजे कंट्रीवाल्यांचं देवस्थान, आणि तेव्हा तो रायमन ऑडिटोरियममध्ये व्हायचा. वाढलेल्या केसांची ही कॅलिफोर्नियाची पोरं बघून प्रेक्षकांनी टिंगल सुरू केली. त्यात पार्सन्सने, कंट्री गायक मर्ल हॅगर्डचं गाणं जाहीर झालेलं असताना, ऐनवेळी स्वतःचं 'हिकरी विंड' आजीला अर्पण करून गायलं. सूत्रसंचालक खवळला. देवस्थानात जाऊन पुजाऱ्याचा क्रम मोडायचा नसतो, तो यांनी मोडला.

पुढे पार्सन्सच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने कराराचा मुद्दा काढला आणि 'स्वीटहार्ट'मधल्या काही गाण्यांवर त्याच्या आवाजाच्या जागी रॉजर मॅक्‌ग्विनचा आवाज आला. जुलैत बर्ड्‌स दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघणार तेवढ्यात पार्सन्सने वर्णभेदाचं कारण देऊन पाय मागे घेतला. कारण मनापासूनचं होतं, की रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सच्या सहवासात लंडनला राहायचं होतं, यावर हिलमनचं मत फारसं चांगलं नव्हतं. तो चांगलाच भडकला होता. पण वर्षाअखेरीस पैशांच्या भानगडीला कंटाळून हिलमननेही बर्ड्‌स सोडलं आणि तेच दोघं एका घरात राहायला आले.

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतलं, रेसीडा भागातलं घर. दोघांचेही संसार नुकतेच विस्कटलेले. आणखी एक गोष्ट दोघांत समान होती. दोघांच्याही वडिलांनी, मुलं लहान असतानाच, आत्महत्या केली होती. या घरात त्यांनी जोडीने लिहिलेली गाणी हा माझ्या लेखी बरिटोंचा खरा ऐवज. 'सिन सिटी'ची सुरुवात हिलमनला सकाळी सुचली, मग त्याने पार्सन्सला उठवलं आणि दोघांनी मिळून ते पुरं केलं. लॉस एंजेलिसवर देवाचा कोप होणार असं सांगणारं ते भजनाच्या चालीचं गाणं आहे. त्यात एकतिसाव्या मजल्यावरच्या सोन्याच्या दाराचा उल्लेख येतो, तो बर्ड्‌सच्या मॅनेजरच्या घराचा. म्हणजे प्रलयाच्या भविष्यवाणीत थकलेल्या हिशेबाचा राग मिसळलाय. हे मिश्रण मला फार आवडतं.

आवाजांबद्दल. पार्सन्सचा गळा कच्चा, मधेच थरथरणारा, सुरात अगदी नेमका बसेलच असं नाही. हिलमनचा सरळ, कोरडा, ताठ. लूव्हिन ब्रदर्स आणि एव्हर्ली ब्रदर्स या दोन भावाभावांच्या जोड्यांवरून त्यांनी दुपेडी गायन उचललं. पार्सन्स कुठे वाहवत चालला की हिलमनचा आवाज त्याला धरून ठेवतो. एकट्या पार्सन्सच्या नंतरच्या रेकॉर्डी सुंदर आहेतच, पण तिथेही हे काम करायला गायिका एमिलू हॅरिस लागली.

तिसरा महत्त्वाचा माणूस स्नीकी पीट क्लाइनो. मिशिगन सरोवराजवळच्या साउथ बेंडचा, वयाने या पोरांपेक्षा बराच मोठा, आणि पोटापाण्याचा धंदा स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशन! गंबी या मातीच्या बाहुल्याच्या मालिकेवर काम केलेला माणूस दिवसा बाहुल्या इंचाइंचाने हलवायचा आणि रात्री क्लबात पेडल स्टील (पेडलं लावलेली आडवी गिटार) वाजवायचा. बरिटोंकडे नाव घ्यावा असा लीड गिटारिस्टच नव्हता. मग ते काम पीटने पेडल स्टीलवर केलं, तेही फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावून. नॅशव्हिलमध्ये हे वाद्य रडण्यासाठी वापरायचे, याने त्यातून गुरगुर काढली.

बास क्रिस एथरिजचा, मिसिसिपीतल्या मेरिडियनचा. 'हॉट बरिटो' नंबर एक आणि नंबर दोन या दोन्ही गाण्यांत तो सहलेखक आहे. ड्रमर म्हणाल तर पहिल्या रेकॉर्डवर एकही धड टिकला नाही, आळीपाळीने चौघे येऊन वाजवून गेले. मग बर्ड्‌सचा जुना मायकल क्लार्क आला.

'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' फेब्रुवारी १९६९ मध्ये ए अँड एम कंपनीने काढली. मुद्रण झालं त्या स्टुडिओच्या जागी पूर्वी चॅप्लिनचा स्टुडिओ होता. बिलबोर्डच्या विक्रीच्या यादीत ती १६४ पर्यंत चढली आणि उतरली. कंट्री रेडिओला हे हिप्पी वाटले, रॉकवाल्यांना गावंढळ.

एवढं लिहून थांबतो. दौऱ्यांचं आणि पुढच्या पडझडीचं प्रतिसादांत येईलच.

भिंतीवरचा_बाजा : वाचतोय

झकास लिहिलंय. पार्सन्स म्हणजे 'स्टोन्सच्या मागेपुढे करणारा श्रीमंत मुलगा' एवढीच माझी कल्पना होती. एक बाळबोध शंका. पेडल स्टील म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रात असायची ती हवाईयन गिटारच का?

तारेवरची_सळई : पेडल स्टीलबद्दल

दोन्हीचं मूळ घराणं एकच. हवाईहून निघालेली आडवी गिटार एकीकडे अमेरिकेच्या दक्षिणेत गेली, दुसरीकडे आपल्याकडे आली. व्हॅन शिपली यांनी ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांत रुजवली, ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. अमेरिकेत मात्र तिला चार पाय फुटले आणि खाली पेडल लागली. पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर चढतो किंवा उतरतो, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. एका स्वरसंगतीतून दुसरीत, सळई न हलवता, लोण्यासारखं घसरता येतं. गुडघ्याने ढकलायच्या खिट्याही असतात. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे कामाला. वाजवणाऱ्याचा चेहरा त्यामुळे नेहमी आयकर भरत असल्यासारखा.

आता स्नीकी पीट. नॅशव्हिलचे बहुतेक वादक दहा तारांच्या वाद्यावर ई-नाइन्थ जुळणी (तारांचे सूर लावायची पद्धत) वापरायचे. याचं वाद्य फेंडर कंपनीचं, आठ तारांचं, केबलने ओढली जाणारी पेडलं असलेलं, आणि जुळणी बी-सिक्स्थ. ही जुळणी जुन्या स्विंगवाल्यांच्या वळणाची. त्यामुळे सराईत वादकांचे ठरलेले आलाप त्याच्या हाताखाली येतच नाहीत, वेगळंच काहीतरी येतं. त्यावर फझ! धागाकर्त्याने 'गुरगुर' म्हटलंय ते अगदी बरोबर. आम्ही स्टीलवाले त्याला थोडा विक्षिप्तच समजतो, पण त्याची नक्कल करायला गेलं की घाम फुटतो.

जाता जाता, हा माणूस पुढे पुन्हा सिनेमाकडेच वळला आणि 'द विंड्स ऑफ वॉर' या मालिकेच्या स्पेशल इफेक्ट्ससाठी एमी पारितोषिक घेऊन आला.

खडूस_कान : आणि पोको?

लेख चांगला आहे, पण धागाकर्ते एक दंतकथा पाडून तिथेच दुसरी बांधतायत. बरिटोंना 'पायोनियर' म्हणायचं तर पोकोला काय म्हणायचं? बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड मोडल्यावर रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी १९६८ मध्येच पोको बांधला आणि ट्रूबाडोर या लॉस एंजेलिसच्या क्लबात वाजवायलाही लागले. रस्टी यंगने तर पेडल स्टील लेस्ली स्पीकरमधून (ऑर्गनला लावतात त्या फिरत्या स्पीकरमधून) काढून तिचा ऑर्गन केला. त्यांची 'पिकिन अप द पीसेस' १९६९ चीच आणि ती बरिटोंपेक्षा कितीतरी वर, ६३ पर्यंत गेली. मुख्य म्हणजे पोको स्टेजवर वाजवायचे. बरिटो स्टेजवर शोधत असायचे, कोण कुठल्या पट्टीत आहे ते!

शिवाय पुढे तुफान गाजलेल्या ईगल्स या बँडचं म्हणाल तर रँडी माइझनर पोकोचा, त्याच्या जागी पोकोत आलेला टिमथी श्मिट पुढे ईगल्समध्येही त्याच्याच जागी गेला. बरिटोंनी दिला एक बर्नी लेडन. मोजून बघा.

पोकोत कुणी २६ व्या वर्षी मेलं नाही, हाच त्यांचा गुन्हा.

रिकामा_रूळ : @खडूस_कान

शेवटच्या वाक्याला दाद देतो. लाइव्हबद्दलही वाद घालणार नाही. पहिल्या रेकॉर्डनंतर बरिटो अमेरिकाभर दौऱ्यावर गेले ते आगगाडीने, कारण पार्सन्सला विमानाची धास्ती. कंपनीचे पैसे डब्यात पोकरवर आणि नशेवर गेले. दौऱ्यातली वादनं बेभरवशाची, काही तर ऐकवत नाहीत.

पण पोकोचं संगीत मला नेहमी हसतमुख वाटतं. नीटनेटकं, उन्हात वाळलेलं. कंट्रीतला जो पाप, पश्चात्ताप, देवाची भीती आणि तरीही बाटली हा भाग आहे, त्याला पोको हात लावत नाहीत. बरिटो तिथूनच सुरुवात करतात. म्हणून पोकोचे वंशज ईगल्स, हे तुमचं म्हणणं मला पटतं. बरिटोंचे वंशज वेगळ्या गल्लीत सापडतात. अंकल टुपेलो, त्यातून निघालेले विल्को, शिवाय जेहॉक्स, ज्यांना नंतर ऑल्ट-कंट्री म्हणायला लागले ती सगळी मंडळी.

माणसं मोजून हिशेब करायचाच तर मग डिलर्ड अँड क्लार्क या बँडलाही धरा. लेडन बरिटोंमध्ये आला तो तिथूनच. त्या काळात लॉस एंजेलिसमध्ये सगळे एकमेकांच्या बँडमध्ये होते.

टेनेसीकर : ते कपडे

नॅशव्हिलला राहतो म्हणून राहवत नाही. पार्सन्सचा तो पांढरा सूट इथे कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. न्यूडी कोन यांच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या दुकानात तो बनला. एल्व्हिसचा सोनेरी सूट शिवणारे हेच न्यूडी. बरिटोंचं काम मात्र त्यांच्याकडच्या मॅन्युएल क्वेव्हास या मेक्सिकोहून आलेल्या कारागिराने केलं. भरतकामात गांजाची पानं, अफूची फुलं, गोळ्या, बायका आणि पाठीवर मोठा क्रूस. हिलमनच्या सूटवर मोर होते, एथरिजच्या अंगावर गुलाब, आणि पीटच्या मखमली कपड्यावर उडता डायनासोर! बाहुल्यावाल्याला शोभेलसा.

इथल्या जुन्या कंट्री गायकांचे न्यूडी सूट बघितले तर बैलगाड्या, कॅक्टस, घोड्याचे नाल. बरिटोंनी शिंपी तोच ठेवला आणि नक्षी बदलली. रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर वाळवंटातल्या झोपडीसमोर हे सगळे तसे नटून उभे आहेत. १९६९ मध्ये रॉकवाले जीन्स घालून साधेपणा मिरवत होते, त्यात हे नवरदेव.

आणखी एक गंमत. ज्या गावाने १९६८ मध्ये पार्सन्सची टिंगल केली, त्याच गावात आता लोक त्याच्या सूटसमोर रांगेने सेल्फी काढतात.

मीठभाकर : एक खटकणारी गोष्ट

मला या सगळ्यात एक प्रश्न पडतो. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, मार्टिन ल्यूथर किंग यांची एप्रिल १९६८ मध्ये हत्या झालेली, आणि दक्षिणेच्या गोऱ्या लोकांचं, बहुतांशी सनातनी विचारांचं संगीत या मुलांना याच वेळी गोड का वाटायला लागलं? हा पळ नव्हता का?

रिकामा_रूळ : @मीठभाकर

प्रश्न रास्त आहे. 'स्वीटहार्ट'बद्दल मी थोडा तुमच्या बाजूचाही आहे, त्यात जुन्या घरासाठी उसासे जास्त आहेत. पण 'गिल्डेड पॅलेस'वर पहिल्याच बाजूला सलग दोन गाणी सोल संगीतातली आहेत, 'डू राइट वुमन' आणि 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. चिप्स मोमन आणि डॅन पेन या दक्षिणेतल्या दोन गोऱ्या लेखकांची ही गाणी आधी अरीथा फ्रँकलिन आणि जेम्स कार या कृष्णवर्णी गायकांनी अजरामर केली. बरिटोंनी ती पेडल स्टील लावून गायली आणि काही ओढूनताणून केल्यासारखं वाटत नाही. रे चार्ल्सने १९६२ मध्ये कंट्रीची गाणी आपल्या पद्धतीने गाऊन दाखवली होती, हे उलट बाजूने तेच. पार्सन्स याला 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' म्हणायचा. नाव जरा जास्तच झालं, पण डोक्यात काय होतं ते या दोन गाण्यांत कळतं.

आणि त्याच रेकॉर्डवर 'माय अंकल' आहे. सैन्यभरतीचं बोलावणं आलेला पोरगा कॅनडाची वाट धरायचं म्हणतोय आणि मागे हिलमनची मॅंडोलिन खणखणीत ब्लूग्रास वाजवतेय. त्याच वर्षी मर्ल हॅगर्डने हिप्पींना चिमटे काढणारं 'ओकी फ्रॉम मस्कोगी' काढलं आणि ते कंट्रीत पहिल्या नंबरावर गेलं. बरिटो हॅगर्डचे भक्त! आपल्या दैवताला आपण आवडत नाही हे माहीत असूनही त्यांनी त्याची गाणी सोडली नाहीत.

भिंतीवरचा_बाजा : मग मोडलं कसं?

लिहायचं म्हणालात ते राहिलं. आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

रिकामा_रूळ : @भिंतीवरचा_बाजा

मोडण्यात सांगण्यासारखं फार नाही. एथरिज गेला, लेडन आला, हिलमन पुन्हा बासवर गेला. ६ डिसेंबर १९६९ ला स्टोन्सच्या कुप्रसिद्ध अल्टामॉन्ट मैफलीत हे वाजवून आले. दुसरी रेकॉर्ड 'बरिटो डिलक्स' एप्रिल १९७० ची, बर्ड्‌सचा जुना मॅनेजर जिम डिक्सन निर्माता. पार्सन्सचं लक्ष उडालेलं ऐकू येतं. तीवर एकच इतिहास घडला. जॅगर-रिचर्ड्‌सचं 'वाइल्ड हॉर्सेस' स्टोन्सच्या आधी वर्षभर बरिटोंनी बाजारात आणलं. तालमीला दांड्या, वादनाला नशेत येणं हे वाढत गेलं आणि १९७० च्या मध्यात हिलमनने पार्सन्सला काढून टाकलं. रिक रॉबर्ट्‌सला घेऊन गाडी थोडी पुढे चालली, मग हिलमन स्टीफन स्टिल्सच्या मनासास या बँडमध्ये गेला.

पण त्याआधी एक काम करून गेला. वॉशिंग्टनमध्ये एका छोट्या क्लबात गाणारी एमिलू हॅरिस बरिटोंनी ऐकली, आणि पार्सन्सला जोडीला गायिका हवी होती तेव्हा हिलमननेच तिचं नाव सुचवलं. ज्याला बँडमधून हाकललं त्याच्यासाठी! पार्सन्स गेल्यावर १९७५ च्या अखेरीस एमिलूची 'एलिट हॉटेल' आली. तिच्यावर 'सिन सिटी' आणि 'व्हील्स' ही दोन्ही गाणी आहेत, दोन्ही त्या रेसीडाच्या जोडीची. ती रेकॉर्ड कंट्रीच्या यादीत पहिली आली. १६४ नंबरला अडकलेली गाणी सात वर्षांनी पुढच्या दाराने नॅशव्हिलमध्ये शिरली ती अशी.

ऐकण्याचा क्रम माझ्यापुरता असा : आधी 'एलिट हॉटेल', कान सरावतो. मग 'गिल्डेड पॅलेस', तीही दुसऱ्या बाजूपासून. 'हॉट बरिटो नंबर वन'वर पार्सन्स गातो ते ऐकून एल्व्हिस कॉस्टेलोला ते १९८१ मध्ये नॅशव्हिलला जाऊन पुन्हा गावंसं का वाटलं ते कळेल. 'डिलक्स' सावकाश, घाई नाही.

तारेवरची_सळई : भर

हिलमनचं पुढचंही सांगा की. ऐंशीच्या दशकात हर्ब पीडरसन वगैरेंना घेऊन त्याने डेझर्ट रोझ बँड काढला आणि कंट्रीच्या यादीत खरोखर पहिल्या नंबरावर दोन गाणी नेली. पेडल स्टीलवर जे डी मेनेस. हा 'सेफ अ‍ॅट होम'वरही होता आणि 'स्वीटहार्ट'वरही.

खडूस_कान : ठीक

'एलिट हॉटेल'चा मुद्दा घेतला. तरी हिलमनला श्रेय द्यायचं ठरवलंच आहे तर पूर्ण द्या. बरिटोंची सगळ्यात घट्ट वाजलेली रेकॉर्ड १९७२ ची 'लास्ट ऑफ द रेड हॉट बरिटोज', लाइव्ह, अल पर्किन्सच्या पेडल स्टीलसह, पार्सन्सशिवाय. ती तुमच्या क्रमात का नाही?

रिकामा_रूळ : @खडूस_कान

घट्ट वाजलेली आहे, कबूल. पण तिच्यावरची बरीच गाणी दुसऱ्यांची, आणि हिलमनच्या आवाजाला टक्कर द्यायला समोर कुणी नाही. तुम्ही लिहा त्यावर वेगळा धागा, शिव्या द्यायला नक्की येतो.